‘गटार तुंबली’ म्हणजे नेमके काय तुंबले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा जवळ आला की नालेसफाई, तुंबलेल्या गटारी आणि कृष्णेत मिसळणारे सांडपाणी यांच्या बातम्या आपल्या दैनिकात दरवर्षी येऊ लागतात. मी स्थापत्य विभागात ३१ वर्षे आरेखक म्हणून काम केले असल्यामुळे या बातम्यांत ‘गटार’ हा शब्द आला की ही नकाशावरची नेमकी कोणती रेघ, असा प्रश्न मला सवयीनेच पडतो. आमच्या नकाशांवर पावसाच्या पाण्याची रेघ आणि मैल्याची रेघ वेगवेगळ्या रंगांत काढलेली असे, आणि एका रेघेच्या जागी चुकून दुसरी निघाली तर वरिष्ठ अख्खा कागद पुन्हा काढायला लावत. नकाशावर इतकी काळजी घेतली जाते, मात्र बोलण्यात, पावतीवर, तक्रार अर्जात आणि निविदेच्या जाहिरातीत या दोन्ही रेघा एकाच शब्दात गुंडाळल्या जातात. पावसाचे पाणी, मोरीचे पाणी आणि शौचालयाचे पाणी ही तीन वेगळी पाणी आहेत आणि त्यांना तीन वेगळी, सर्वांना समजणारी नावे असली पाहिजेत, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे. हा विषय केवळ भाषेच्या टापटिपीचा असता तर मी आपली जागा अडवली नसती.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला असलेले चेंबर भरून वाहू लागले. मी दूरध्वनीवरून ‘गटार तुंबली आहे’ अशी तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी दोन कामगार फावडे आणि घमेले घेऊन आले, त्यांनी रस्त्याकडेची उघडी गटार मन लावून साफ केली, त्यातला पालापाचोळा आणि प्लास्टिक काढले आणि ते निघून गेले. चेंबर वाहतच राहिले. मी पुन्हा तक्रार केली, या वेळी ‘ड्रेनेज तुंबले आहे’ असे सांगितले, तेव्हा आधीची तक्रार निकाली निघाल्याची नोंद मला वाचून दाखवण्यात आली. अखेर मी स्वतः जाऊन ‘शौचालयांची भूमिगत वाहिनी तुंबली असून चेंबरमधून मैला रस्त्यावर येत आहे’ असे लेखी दिले आणि त्याच संध्याकाळी जोरदार दाबाच्या पाण्याने वाहिनी मोकळी करणारी जेटिंगची गाडी आली. या सगळ्यात पाच दिवस गेले, आणि त्या पाच दिवसांत शाळेला जाणारी मुले त्या पाण्यातूनच ये-जा करीत होती. ही तक्रार कोणत्या कार्यालयात केली हे मी लिहीत नाही, कारण तेथील कोणीही कामचुकारपणा केला नव्हता. गटार साफ करा असे त्यांना सांगण्यात आले आणि त्यांनी गटार साफ केली.

पुढे वाहिनी का तुंबली याचा शोध घेतला, तेव्हा गल्लीतल्या दोन घरांच्या गच्चीवरचे पावसाचे पाइप थेट मैल्याच्या चेंबरला जोडलेले आढळले. त्यांतील एका घरमालकांना मी विचारले, तेव्हा त्यांनी अगदी सरळपणे सांगितले की, प्लंबरने पाणी कुठे सोडायचे असे विचारल्यावर आपण ‘गटारीला जोडा’ म्हणालो होतो. प्लंबरला जी गटार जवळ पडली तिला त्याने पाइप जोडला. गच्चीवरचा पालापाचोळा आणि वाळू कित्येक पावसाळे त्या वाहिनीत उतरत राहिली होती.

या चुकीची किंमत किती मोठी असते, हे वाहिनी कशी आखतात ते पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी आपल्या देशात माणशी दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा गृहीत धरतात आणि त्यातील सुमारे ८० टक्के पाणी वापरून परत येते असे मानतात. म्हणजे माणशी १०८ लिटर, पाच जणांच्या घराचे दिवसाला ५४० लिटर. मैलावाहिनीचा व्यास आणि उतार याच हिशेबाने ठरतो. पाणी फार संथ वाहिले तर मैला तळाशी बसतो, म्हणून प्रवाहाला सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग मिळेल असा उतार द्यावा लागतो. आता शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर त्या एका तासात ५,००० लिटर पाणी खाली येते, म्हणजे त्या घराच्या नऊ दिवसांच्या सांडपाण्याहून अधिक. अशी आठ-दहा घरे एका वाहिनीवर असली की पाणी सर्वांत सखल चेंबरमधून किंवा सर्वांत सखल घराच्या शौचकूपातून उसळते. बाधा होते ती बहुधा उताराला राहणाऱ्या, तळमजल्यावरच्या गरीब कुटुंबाला, जिने काहीच चुकीचे जोडलेले नसते.

उलट दिशेची चूक याहून वाईट असते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. शौचालयाचा पाइप पावसाळी गटारीला जोडला तर घरात काही तुंबत नाही, रस्त्यावर काही साचत नाही, शेजारी तक्रार करीत नाहीत. मैला निमूटपणे ओढ्यात आणि ओढ्यातून कृष्णेत जातो. पावसाळी गटारीच्या टोकाला प्रक्रिया केंद्र नसते, तिच्या टोकाला नदी असते. शेरीनाल्याचे पाणी कृष्णेत मिसळते ही गोष्ट सांगलीत लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि ते पाणी उचलून धुळगावला न्यायचे, तेथे त्यावर प्रक्रिया करून ते शेतीला द्यायचे या योजनेविषयी आपण सर्वजण कित्येक वर्षे वाचत आलो आहोत. नाल्याच्या मुखाशी पंप बसवणे आवश्यकच आहे. परंतु नाल्यात उतरणारा प्रत्येक थेंब कोणाच्या तरी मोरीतून किंवा शौचालयातून, कोणी तरी ‘गटारीला जोडा’ असे सांगितल्यामुळे, तेथवर आलेला असतो, हेही तितकेच खरे आहे.

पुराच्या वेळी तर शब्दांचा हा गोंधळ घराघरात शिरतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी असते, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. ज्यांनी हे पूर पाहिले आहेत त्यांना माहीत आहे की, काठ ओलांडून नदी वस्तीत येण्याच्या पुष्कळ आधी पाणी नाल्यातून उलटे येते. नदीची पातळी चढली की नाल्याचे आणि गटारींचे मुख बुडते, आतल्या पाण्याला फुगवटा येतो आणि सखल भागातील चेंबरे वर उसळू लागतात. आपण त्याला ‘पुराचे पाणी शिरले’ असे म्हणतो. वास्तविक त्या पहिल्या पाण्यात नदीपेक्षा आपलाच मैला अधिक असतो, आणि ‘पुराचे पाणी’ या शब्दाने जी सावधगिरी सुचते तिच्यापेक्षा निराळी सावधगिरी त्या पाण्यासाठी हवी असते. त्या पाण्यात अनवाणी उतरू नये, त्याचा स्पर्श झालेली भांडी आणि अन्न वापरू नये, आणि पिण्याच्या पाण्याची तळटाकी त्यात बुडाली असेल तर ती रिकामी करून, धुऊन, क्लोरिन टाकल्याशिवाय तिचे पाणी पिऊ नये. हे लोकांना पटवायचे असेल तर सूचनेत ‘मैलामिश्रित पाणी’ असे स्पष्ट लिहावे लागेल.

आता शब्दांकडे वळतो. मराठीत शब्दांची वाण नाही, हे मी मुद्दाम सांगू इच्छितो. ‘सांडपाणी’ हा आपल्या घरातला शब्द आहे. ‘सांडणे’ या क्रियापदापासून तो आला आहे; धरणाच्या ‘सांडव्या’तही तेच क्रियापद आहे. आंघोळ, भांडी आणि कपडे धुऊन सांडलेले ते सांडपाणी, हा अर्थ आजही खेड्यातील कोणतीही बाई सांगेल. शौचालयातून जाते ते ‘मैलापाणी’. आभाळातून येते ते ‘पावसाचे पाणी’. हा भेद आपल्या आजीच्या बोलण्यात पक्का होता, कारण तिच्या काळी मोरी घरात असे, संडास परसात असे आणि पागोळ्यांचे पाणी अंगणात पडे. तिन्ही जागाच वेगळ्या असल्यामुळे शब्दही वेगळे राहिले. घरे उंच झाली, तिन्ही पाण्यांचे पाइप एकाच भिंतीवरून खाली येऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर शब्दही एकमेकांत मिसळले. आज अभियंते ‘सांडपाणी’ म्हणताना त्यात मैलाही धरतात आणि गृहिणी तो धरीत नाही. त्यामुळे सभेत दोघे एकच शब्द उच्चारून दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतात.

अलीकडे काही प्रशिक्षण पुस्तिकांत इंग्रजीवरून उतरवलेले ‘करडे पाणी’ आणि ‘काळे पाणी’ असे शब्द वाचायला मिळतात. मराठी माणसाला काळे पाणी म्हटल्यावर अंदमानची शिक्षा आठवते, शौचालय आठवत नाही. हाताशी चांगला शब्द असताना असे भाषांतर कशासाठी करावे, हे मला उमगत नाही.

कराच्या देयकाचेही तसेच आहे. एकाच प्रकारच्या सेवेसाठी पुण्याच्या देयकात ‘जलनिस्सारण’, मुंबईच्या देयकात ‘मलनिःसारण’ आणि कल्याण-डोंबिवलीच्या देयकात ‘मलप्रवाह सुविधा’ असे शब्द आढळतात. नोकरीनिमित्त शहर बदलणाऱ्याला आपण कशाचा कर भरतो आहोत हे समजत नाही. त्यातही ‘जलनिस्सारण’ हा शब्द मला विशेष घातक वाटतो, कारण त्यात पावसाचे जलही येते आणि मलजलही येते, म्हणजे जो भेद करायचा तोच त्यात बुजतो.

काही शब्द इतके जड आहेत की ते फलकावरच राहतात. पाणी उपसून वर चढवणाऱ्या केंद्राला मुंबईत ‘उदंचन केंद्र’ म्हणतात. आपल्या जिल्ह्यात ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या तीन मोठ्या उपसा सिंचन योजना आहेत, आणि ‘उपसा’ हा शब्द जतपासून आटपाडीपर्यंत प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे. मैलापाणी उपसणाऱ्या केंद्राला ‘मैला उपसा केंद्र’ म्हटले तर ते बंद पडल्याची बातमी वाचून माणूस सावध होईल. ‘उदंचन केंद्र बंद’ या बातमीवरून त्याची नजर पुढे सरकेल.

मात्र सर्वांत गंभीर शब्द ‘मॅनहोल’ हा आहे, आणि त्याविषयी मला थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. इंग्रजी शब्दातच माणसाने आत उतरायचे गृहीत धरलेले आहे, आणि मुंबईत त्याचे ‘मनुष्य प्रवेशिका’ असे अगदी प्रामाणिक भाषांतर रूढ झाले आहे. शब्द व्याकरणाने निर्दोष आहे, पण त्याचा अर्थ आज कायद्याच्या विरुद्ध जातो. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर माणसे नेमण्यास मनाई करणारा आणि त्या कामगारांच्या पुनर्वसनाची तरतूद करणारा केंद्राचा कायदा २०१३ साली झाला, आणि गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणसाला संरक्षक साधनांशिवाय उतरवणे त्याने गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ‘मॅनहोल’कडून ‘मशीनहोल’कडे जाण्याची घोषणा केली, म्हणजे नावाचा परिणाम होतो हे शासनानेही मान्य केले आहे. बंद चेंबरमध्ये कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतात, प्राणवायू कमी होतो, आणि हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते. त्यामुळे आत उतरलेल्या माणसाला धोका कळत नाही आणि त्याला काढायला दुसरा उतरतो तोही दगावतो. अशा जागेला ‘माणसाने प्रवेश करण्याची जागा’ असे नाव सरकारी कागदावर असू नये. आपल्याकडे सर्वांच्या तोंडी ‘चेंबर’ आहे. ‘मैलावाहिनीचे चेंबर’ एवढे लिहिले तरी पुरे, आणि त्याच्या झाकणावर ‘आत उतरू नये’ असे कोरलेले असावे.

येथे एक खुलासा करतो. परके शब्द काढून टाका असे माझे म्हणणे मुळीच नाही. चेंबर, पंप, पाइप, सेप्टिक टाकी हे शब्द गवंड्यापासून अभियंत्यापर्यंत सर्वांना एकाच अर्थाने समजतात, म्हणून ते चांगले शब्द आहेत. ‘ड्रेनेज’ हा शब्द मला अडतो, कारण तो कधी नळाला, कधी चेंबरला, कधी घाण पाण्याला आणि कधी अख्ख्या योजनेला लावला जातो.

‘सेप्टिक टाकी’ आणि ‘शोषखड्डा’ यांतील घोळही आपल्या भागात महाग पडतो. टाकीत मैला खाली बसतो आणि कुजतो, वरचे पाणी पुढे शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरते, अशी ही जोडी आहे. आपल्याकडे दोन्हींना ‘संडासची टाकी’ म्हणतात, त्यामुळे एक बांधले की काम झाले असे वाटते. त्यातच कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पाणी फार सावकाश मुरते आणि पावसाळ्यात जवळपास मुरतच नाही. शोषखड्डा भरला की टाकीतले पाणी एका पाइपाने बाहेरच्या गटारीत सोडले जाते आणि त्याला ‘ओव्हरफ्लो काढला’ असे सौम्य नाव मिळते. टाकीतून बाहेर पडणारे ते पाणी नुसते निवळलेले असते, रोगजंतू त्यात तसेच असतात. दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी लागते हेही पुष्कळांना ठाऊक नसते, कारण ‘टाकी’ म्हटल्यावर ती भरेपर्यंत थांबायचे असते असेच आपल्याला वाटते.

‘शुद्धीकरण’ या शब्दाबाबतही सावध राहायला हवे. पिण्याचे पाणी जेथे तयार होते ते ‘जलशुद्धीकरण केंद्र’ आणि मैलापाणी जेथे हाताळले जाते ते ‘मलशुद्धीकरण केंद्र’, या दोन नावांत एकाच अक्षराचा फरक आहे. मैलापाण्याच्या केंद्रात गाळ खाली बसवतात, हवा मिसळून जिवाणूंकडून सेंद्रिय घाण संपवतात आणि शेवटी क्लोरिन देतात, तरी बाहेर पडणारे पाणी पिण्याजोगे होत नाही. ते शेतीला, बागेला किंवा कारखान्याला देता येते. ‘प्रक्रिया केलेले पाणी’ हा शब्द तेवढेच आश्वासन देतो जेवढे खरे आहे. ‘शुद्ध केलेले पाणी नदीत सोडले’ असे वाचल्यावर खालच्या गावाला जो दिलासा मिळतो तो खोटा असतो. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, माहुली, कराड करीत आपल्याकडे येते आणि पुढे नृसिंहवाडीकडे जाते. वरच्या गावाने ज्याला सांडपाणी म्हणून सोडून दिले तेच खालच्या गावाच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे नदीतून पिण्याचे पाणी उचलणाऱ्या विहिरीत, जाते.

आणखी एक शब्द राहिला, तो ‘नाला’. आपल्या शहरांतले बहुतेक नाले मुळात ओढे होते. ओढ्याला काठ असतो, झाडे असतात, त्याला पूर येतो. तो एकदा ‘नाला’ झाला की त्यात सांडपाणी सोडणे कोणाला वावगे वाटत नाही, आणि ‘गटार’ झाला की त्यावर स्लॅब टाकून दुकाने बांधणे हीच सुधारणा वाटू लागते. मुंबईच्या मिठी नदीला लोक वर्षानुवर्षे नालाच समजत होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ती नदी असल्याचे सर्वांच्या ध्यानात आले. जलप्रदूषणाविषयीच्या १९७४ च्या केंद्रीय कायद्यात ‘प्रवाह’ या शब्दाच्या व्याख्येत नदीबरोबर वाहता किंवा तूर्त कोरडा असलेला जलमार्गही घेतलेला आहे, आणि घरगुती मैलापाणी व कारखान्याचे सांडपाणी यांची वेगळी नोंद केलेली आहे. म्हणजे उन्हाळ्यात कोरडा पडलेला आपला ओढाही कायद्याच्या नजरेत प्रवाहच आहे. कुपवाड आणि मिरजेत औद्योगिक वसाहती असलेल्या आपल्या भागात हा भेद विसरून चालणार नाही.

हे सारे करण्यासाठी नवीन समिती नेमण्याची आवश्यकता नाही. राज्याचे भाषा संचालनालय १९६० पासून काम करीत आहे, स्थापत्य अभियांत्रिकीचा परिभाषा कोश त्याने केव्हाच काढला आहे, आणि स्थानिक प्राधिकरणांनी कारभार मराठीत करावा असा राज्याचा कायदा २०२२ पासून आहे. कोशातील शब्द आणि लोकांच्या तोंडचे शब्द समोरासमोर ठेवून वीस-पंचवीस शब्दांची एक यादी करावी आणि सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील नागरी संस्थांनी तीच वापरावी, अशी माझी विनंती आहे. त्यातही सुरुवात तक्रार अर्जापासून व्हावी. ‘गटार तुंबली’ या एका रकान्याऐवजी ‘पावसाळी गटार’, ‘मोरीच्या सांडपाण्याची गटार’ आणि ‘मैलावाहिनी’ असे तीन रकाने असले, तर फावडे पाठवायचे की जेटिंगची गाडी, हे पहिल्याच दिवशी ठरेल. घरजोडणीच्या परवान्यावरही हेच तीन शब्द असावेत आणि प्लंबरची सही त्यांच्यासमोर घ्यावी.

आमच्या गल्लीत आम्ही वर्गणी काढून एवढे केले आहे: मैल्याच्या चेंबरांची झाकणे लाल रंगवून त्यांवर ‘मैला’ आणि पावसाळी गटारीच्या जाळ्या निळ्या रंगवून त्यांवर ‘पाऊस’ असे लिहिले आहे. त्या दोन घरांचे गच्चीचे पाइप त्यांच्या मालकांनी स्वखर्चाने वेगळे करून घेतले. आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. यापुढे ‘गटारीचे पाणी रस्त्यावर’ अशी बातमी आली तर ते पाणी पावसाचे, सांडपाण्याचे की मैल्याचे, हे बातमीदाराने तेथील रहिवाशांना विचारून बातमीच्या पहिल्या वाक्यात द्यावे.

आपला,
एक सेवानिवृत्त आरेखक,
विश्रामबाग, सांगली